अठ्ठ्याऐंशी सालची भुतं

निवृत्तांच्या मंडळाच्या हॉलमध्ये श्रीरंग अठ्ठ्याऐंशी सालचे भुताचे सिनेमे रंगवून सांगत होता आणि मागच्या खुर्चीवर शांताराम जळत होता. दोघं तेव्हा तोफांच्या कारखान्यात कारकून होते. त्या वर्षीचे पाचही सिनेमे त्यांनी एकत्र पाहिले. म्हणजे पाहिले शांतारामने. श्रीरंग रुमालात तोंड खुपसून बसायचा आणि परतताना सायकलवर सगळी गोष्ट विचारून घ्यायचा.

“विहिरीतली बाई वर आली,” श्रीरंग म्हणाला, “अन् मागितलं काय? लेकीची वेणी घालायला फक्त एक कंगवा!”

हॉल शहारला, मग टाळ्या कडाडल्या.

कंगवा शांतारामचा होता. पडद्यावर बाई वर आली त्या क्षणी त्यानेही डोळे गच्च मिटले होते आणि लाजेपायी वाटेत शेवट रचून सांगितला होता. आता तो आपला म्हणायचा, तर मिटलेले डोळेही कबूल करावे लागणार होते.

“काहून चुप बसला रे शांताराम?” श्रीरंगने माईकवरून हाक मारली. “तू तर डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. असंच होतं ना?”

सगळ्या माना मागे वळल्या.

“हो,” शांताराम म्हणाला, “अगदी असंच होतं.”

आणि मित्रासाठी त्यानेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्यावर.