एका पांढऱ्या ठिपक्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी रक्तवाहिनी आहे, केसाहूनही बारीक आणि आता कायमची बंद. एका औषधवाल्याच्या मेंदूत, खूप आत माझं घर. मुक्काम डोक्यातच असल्यामुळे त्याचं सगळं बोलणं मला ऐकू येतं. म्हणूनच माझा त्याच्यावर इतका राग आहे.

तरुणपणी माझं बरं चाललं होतं. माझी भिंत लवचीक होती आणि विचार इकडून तिकडे नेणाऱ्या धाग्यांना मी रक्त पुरवत असे. कोणती गोळी कोणत्या खणात, कोणाला जेवणाआधी आणि कोणाला नंतर, हे तो न अडखळता सांगे. लोक म्हणत, "याचं डोकं म्हणजे औषधांचं कपाट आहे." कौतुक त्याचं व्हायचं आणि राबत मी होते.

मग त्याचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली. ती तर त्याच्याच दुकानात, हात लांबवला की मिळेल अशी. पण हा शहाणा गिऱ्हाइकांना दरडावायचा, "एक दिवससुद्धा चुकवू नका," आणि मुलीने विचारलं की म्हणायचा, "मला कुठे काय होतंय? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. कसला दाब अन् कसलं काय."

दाब सोसत होते मी. फुटू नये म्हणून मी भिंत जाड करत गेले आणि तसतशी आतली वाट अरुंद होत गेली. आम्हाला दुखत नाही, ओरडता येत नाही. शेवटी मी डूख धरला. थांब म्हटलं, तुला चांगली अद्दल घडवते. आणि एक दिवस वाट बंद करून टाकली. आसपासच्या काही जणींनीही माझीच री ओढली.

आमच्या भागातले धागे सुकले. तो काही कोसळला नाही, नुसता मंदावला. पाय घासत चालू लागला, दोन कामं एकदम आली की गोंधळू लागला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पुढे एका निवृत्त शिक्षिकेला त्याने थायरॉइडच्या गोळ्यांऐवजी दुसऱ्याच कोणाच्या मधुमेहाच्या गोळ्या दिल्या. रक्तातली साखर उतरून बाई घामाघूम झाल्या आणि स्वयंपाकघरात पडल्या. शेजाऱ्यांनी वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचल्या. बऱ्या झाल्यावर त्या गोळ्यांचं पाकीट घेऊन दुकानात आल्या, तेव्हा हा म्हणाला, "पोरीने चुकीच्या खणात ठेवल्या असतील. हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे."

मुलगी शेजारीच उभी होती. रीतसर शिकलेली, कामात चोख. त्या दिवसापासून गिऱ्हाइकं तिच्या हातून औषध घेईनात. "तू राहू दे गं, बाबांनाच देऊ दे," असं तिच्या तोंडावर म्हणत. माझ्या सुडाचा घाव भलत्याच माणसावर बसला होता. मी चडफडले, पण बंद पडलेल्या वाहिनीला करता काय येतं?

त्याचं पाय घासणं मात्र मुलीनेच हेरलं. मनात राग होता, तरी ती त्याला मेंदूचा एमआरआय काढायला घेऊन गेली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. करड्या मेंदूत जागोजागी पांढरे ठिपके होते. त्यातला एक माझा.

"हे एका दिवसाचं नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "दाबामुळे बारीक वाहिन्या बंद होत गेल्यात. गोंधळणं, कामाचा क्रम चुकणं, हे त्यातूनच येतं. गोळी घेत होतात ना?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग मुलीला म्हणाला, "त्या बाईंना गोळ्या मीच दिल्या होत्या गं. पाकीट बघताक्षणीच मला कळलं होतं. तरी तुझ्यावर ढकललं."

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "मला नका सांगू. त्यांना सांगा."

आणि त्याने सांगितलं. बाई दुकानात आल्या तेव्हा गिऱ्हाइकांदेखत, मान खाली घालून. मग तो दुकानातल्या आपल्या खुर्चीवरून उठला आणि तिथे मुलगी बसली. त्याची ती खाली गेलेली मान मी पोटभर अनुभवली.

मित्रांनो, तरीही मी त्याला माफ केलेलं नाही. आता तो गोळी न चुकता घेतो, पण तिचा मला काही उपयोग नाही. ती माझ्या शेजारणींसाठी आहे, त्या अजून वाहत्या आहेत. तुमच्याही घरात "मला काही होत नाही" म्हणणारं कोणीतरी असेल. त्यांचा दाब मोजायला लावा, गोळी घ्यायला लावा. आम्ही आधी तक्रार करत नाही. थेट दार लावून घेतो.