उलटी टांगलेली पिशवी

मी एक पिशवी बोलतेय. झकियाने जुन्या झग्याची निळी बाही कापून नवऱ्यासाठी, लमीन मास्तरांसाठी, मला शिवलं. आमच्या हवारिया गावच्या डोंगरावर मास्तर जाळ्यातलं पाखरू सोडवून माझ्यात घालायचे, वजन करायचे, परत आलं तर ओळखू यावं म्हणून पायात नंबराचा वाळा चढवून उडवून द्यायचे. एकवीस वर्षं हेच. गावाबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि गावात सगळे हसायचे.

"काय मास्तर, वाळे घातलेत, बारसं कधी?" ब्राहिमकाका विचारायचे. काका ससाणेवाले. वसंतात ससाणा धरायचा, लाव्यांची शिकार करायची, हंगाम संपला की सोडून द्यायचा, ही इथली रीत. सोडला म्हटलं की सोडलेलाच असायचा. यात खोटं बोलणाऱ्याच्या घरचा चहा कुणी पीत नाही.

"तेच पाखरू पुन्हा इथूनच जातं, काका."

"तुम्हाला सांगून जातं वाटतं?"

एका सकाळी जाळ्यात वटवट्या हा चिमुकला पक्षी सापडला. पायात मास्तरांचाच वाळा, तीन वर्षांपूर्वीचा! मास्तरांनी त्याला माझ्यात घातलं, मला फांदीला अडकवलं आणि काकांना बोलवायला खाली धावले. तिथे दोघांची जुंपली. काका हलेनात, मास्तर वाद सोडेनात. इकडे ऊन चढलं. तो माझ्यात धडपडत राहिला, मग थांबला. माझं तोंड दोरीने आवळलेलं होतं. मी काहीच करू शकले नाही, याची लाज अजून जात नाही.

मास्तर एकटेच परतले. त्यांनी त्याला झुडपाखाली पुरलं आणि वहीत लिहिलं, 'परत आला. सोडला.'

काकांनाही तेच सांगितलं, आणि त्या एका शब्दावर काकांनी विश्वास ठेवला. दर वसंतात ते डोंगर चढून यायचे. "आला का हो आपला पाहुणा?" मास्तर माझ्याकडे न बघता नाही म्हणून मान हलवायचे.

यंदा काका मुठीवर ससाणा घेऊन आले. "उद्या याला सोडायचंय. आधी वाळा घाला. माझाही परत येऊ दे."

मास्तरांनी वहीतलं ते पान उघडलं. "काका, तो वटवट्या मी सोडला नव्हता. पिशवीत विसरलो. मेला तो."

काकांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझ्याही हातून मेलेत, मास्तर. पण मेलेल्याला सोडला म्हणून मी कधी सांगितलं नाही. खोडा ते. आणि लिहाल ते मोठ्याने वाचा, मला वाचता येत नाही."

मास्तरांनी खोडलं. नवं लिहून मोठ्याने वाचलं, 'परत आला. पिशवीत मेला.'

काकांनी ससाण्याला वाळा घालून घेतला. जाताना मला उचललं, आतली बाजू बाहेर केली आणि फांदीला लावलं. "रिकामी असली की अशीच टांगा. लांबूनही कळेल, आत कुणी नाही."

तेव्हापासून मी उलटीच असते. त्या वटवट्याचं एक पीस शिवणीत अडकलंय, ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. कृपा करून ते काढू नका.