चौथा ठिपका

चौसष्टाव्या वर्षी वेल्श शिकायला घेणारी बाई अख्ख्या सोलापुरात एकच, ती म्हणजे चांगुणाबाई. मोडनिंबजवळच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. पोरांना जेवढा धाक, तेवढाच स्वतःलाही. आणि हे शिकणं काही हौसेखातर नव्हतं, नातीसाठी होतं. एकुलती लेक धम्मप्रिया नर्स होऊन वेल्सला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन एका दिवसात गेली. तिची मुलगी ओवी तेव्हा तीन वर्षांची होती. आई गेली तशी पोरीची मराठीही आटली. आता घरात वेल्श, शाळेत वेल्श. दर रविवारी दुपारी अडीचला व्हिडिओ कॉल व्हायचा. आजी इकडं हसायची, नात तिकडं गप्प, आणि पाच मिनिटांत पसार. असंच चाललं तर ही पोर वर्षभरात आपल्याला विसरणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

म्हणून शब्दकोश हवा होता. पुस्तकवाल्या सतीशनं डोकं खाजवत दोन मागवून दिले.

"बाई, ही कुठली भाषा काढली की? लई अवघड दिसतीया."

"तुला पाढेबी अवघडच जात हुते," बाई म्हणाल्या. "ठेव हितं."

कोश निवडायची बाईंची रीत साधी होती. जाडी बघायची नाही, पुठ्ठ्यावरच्या बढाया वाचायच्या नाहीत. ओवीच्या तोंडून ऐकलेले तीन शब्द घ्यायचे आणि प्रत्येक कोशात शोधायचे. वेल्शमध्ये बोलताना शब्दाचं पहिलं अक्षरच बदलतं. 'काथ' म्हणजे मांजर, पण पोर म्हणते 'गाथ'. पहिल्या कोशात 'गाथ' नव्हतंच. दुसऱ्यात होतं, पण अक्षर मुंगीएवढं आणि वापरून दाखवलेलं वाक्य एकही नाही. बाईंनी दोघांना नापास केलं.

मग जावयाचं पार्सल आलं. त्यात धम्मप्रियाचा स्वतःचा कोश होता, निळ्या पुठ्ठ्याचा. तिन्ही शब्द ठळक अक्षरांत, वाक्यांसकट सापडले. आणि कितीतरी शब्दांखाली पेन्सिलीचे ठिपके होते.

बाईंना भरून आलं. ही त्यांच्याच वर्गातली सवय. शाळेला कोश एकच, म्हणून नियम केला होता. शब्द बघितला की खाली एक ठिपका द्यायचा. तीन ठिपके झाले की शब्द पाठ झालाच पाहिजे, चौथ्यांदा बघायचा नाही. धम्मप्रिया त्याच वर्गात शिकली. ती ठिपका इतका दाबून द्यायची की पानाच्या पाठीवर फुगवटा यायचा. बाईंनी ठरवलं, या कोशात आपण पेन्सिल लावायची नाही. लेकीचं लेकीचंच राहू दे.

कॉल रंगू लागले. ओवी 'एसगिद' म्हणत नवा बूट दाखवायची. बाई मांडीवरच्या कोशात शोधायच्या आणि आपली चप्पल कॅमेऱ्यासमोर नाचवायच्या. पोर खिदळायची. पाच मिनिटांची पंचवीस झाली. बाई आनंदानं रात्री दोन घास जास्त जेवायच्या.

तिसऱ्या रविवारी त्यांना 'एसगिद'खाली चार ठिपके दिसले. चौथा ताजा होता, बोटाला शिसं लागलं. आपणच विसरून दिला असेल, वय झालं, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. पण हाडाची मास्तरीण. सगळे ठिपके मोजून वहीत उतरवले, कोश कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली कमरेला. बुद्धाच्या तसबिरीखाली वाढलेल्या त्या घरात भूतखेत कुणी कधी मानलं नव्हतं.

पुढच्या रविवारी कपाट उघडलं. 'दूध' या शब्दाखाली पाच ठिपके. 'हात'खाली सहा. 'माम', म्हणजे आई, त्याखाली अकरा. गेल्या कॉलमध्ये ओवी बोललेलेच शब्द, आणि प्रत्येक ठिपक्यामागे फुगवटा.

बाईंनी वहीशी ताडून बघितलं, तिथं तिन्ही शब्दांपुढं तीनच ठिपके होते. कुणीतरी ओवीचं बोलणं ऐकत होतं आणि नंतर एकेक शब्द लावून बघत होतं. पण शब्द त्याच्या लक्षात राहत नव्हते. वर्गात कधी दुसरा नंबर न आलेली त्यांची पोर, तिला 'आई' हा शब्द अकरा वेळा बघावा लागत होता. बाईंना भीती वाटली, नाही कसं म्हणू? पण त्याहून काळीज तुटलं. त्यांनी कपाटाला पुन्हा कुलूप घातलं नाही. कॉलच्या वेळी आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली.

तेवढंच करायला नको होतं.

ओवी नाचत पडद्यासमोर आली, हातात चित्र होतं. ती आजीकडं बघायच्या ऐवजी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघू लागली. मग मागं सरकली आणि बापाची बाही धरली. "पुइ?" तिनं विचारलं. कोण?

बाई कॅमेऱ्याकडं झुकल्या. "माम," त्या म्हणाल्या. "ओवी, माम."

पोरीनं पुष्कळ वेळ निरखून बघितलं. मग मान हलवली आणि एक वाक्य हळू, स्पष्ट बोलली. त्यातला 'नाबोद' हा शब्द तेवढा बाईंना नवा होता. पोर रडायला लागली. बापाला काहीच दिसलं नव्हतं. ती दमलीय म्हणाला आणि कॉल बंद केला.

बाहेर ऊन रणरणत होतं. बाईंनी कोश उघडला. नाबोद: माणसाला ओळखणं. खाली वाक्य दिलं होतं, 'मी तिला ओळखत नाही.' शब्दाखाली एकही ठिपका नव्हता.

बघता बघता एक उमटला. मग दुसरा, मग तिसरा, कागद फाटेल इतका दाबून. अर्थ कळल्यावरही पोर पुन्हा पुन्हा बघतं, चुकून दुसरा निघेल म्हणून, तसं.

चौथा उमटायच्या आत बाईंनी शब्दावर हात ठेवला. हाताच्या पाठीवर काहीतरी टोचलं. त्यांनी हात काढला नाही. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही पोराला चुकीचा अर्थ सांगितला नव्हता.

"पोरी, नाबोद म्हंजी झोप," त्या म्हणाल्या. "झोप आली म्हनली ती. ल्हान हाय गं. आनि काय न्हाय."

टोचणं थोडा वेळ तसंच राहिलं. मग हळूहळू हलकं झालं आणि थांबलं. बाई दिवेलागणीपर्यंत हात न उचलता बसून होत्या, कारण खरा अर्थ त्या हाताखाली छापलेला होता.