मेरामण पटारा

"भाभी, आधी पाणी प्या. मग काय बोलायचं ते बोला," मेरामण म्हणाला.

"पाणी कुटनं घेऊ?" वेजीमानं विचारलं. "माझी माठाची घडवंची कुटं हाय?"

जुनागढला लेकीकडं राहून, डोळ्याचं ऑपरेशन करून वेजीमा त्याच दुपारी एसटीतनं उतरली होती. डाव्या डोळ्यावर हिरवं फडकं, कपाळाला घाम, वैशाखाचा वारा कपाशीच्या मोकळ्या रानातली काळी धूळ उचलून तोंडावर मारत होता. घरात पाऊल टाकलं आणि उरलेल्या एका डोळ्यानं जे दिसायचं ते दिसलं. तिची खोली धुऊन पुसून ठेवलेल्या ताटासारखी रिकामी होती. जातं नाही, ताक घुसळायचा डेरा नाही, तांब्याच्या घागरी नाहीत. आणि भिंतीपाशी, जिथं पटारा होता, तिथं आरशाचं लोखंडी कपाट उभं होतं. आरशात हिरव्या फडक्याची एक म्हातारी तिच्याकडं बघत होती.

"पटारा कुटं हाय, मेरामण?"

"अहो, टेंपोवाला आला हुता. जुनंपानं घेतो म्हणाला. वाळवी लागायची आज ना उद्या. तुमच्यासाठी नवं कपाट आणलंय बगा, कुलपाचं!"

"मी तुला इचारलं का कपाट?"

"आता भंगारासाठी एवढं मनाला लावून घेता व्हय?" मेरामणची बायको कंकू स्वयंपाकघरातनं बोलली.

तो पटारा तिच्या बापानं लग्नात दिलेला. सागाचा, पितळी पत्र्यानं मढवलेला, खाली चाकं असलेला. त्याच्या पोटात आईच्या हातचं भरतकाम, वर गोधड्यांची थप्पी. वेजीमा नवरी होऊन आली तेव्हा हा धाकटा दीर मेरामण स्वतःचं नाक पुसता न येणारं पोर होता. सासूला दमा. तेव्हा वेजीमानंच त्याला न्हाऊ घातलं, भाकरी भरवली. दुपारी तो त्या गोधड्यांवर चढून झोपायचा, आणि तो पडू नये म्हणून ती पटाऱ्याला पाठ लावून धान्य निवडत बसायची. त्या मेरामणनं पटारा टेंपोत चढवताना दोरीचं एक टोक स्वतः धरलं होतं, असं शेजारणीनं तिला सांगितलं.

संध्याकाळी मेरामणची लेक हेतल जवळ येऊन बसली. पोर मायाळू होती. "मोटीमा, पटारा म्हंजे पेटीच ना? मी बाबांना नवी पेटी आणायला सांगते."

"पेटी न्हवं गं," वेजीमा म्हणाली. ज्यानं बघितलंच नाही त्याला काय सांगणार!

मेरामणला वाटलं, म्हातारी चार दिवस रुसेल, मग विसरेल. पण वेजीमा रुसली नाही. ती बाजरीचा रोटला खायची, हाक मारली की ओ द्यायची, आणि मनात एकेक गोष्ट धार लावून ठेवायची.

पुढं भुईमूग निघाला. ती आणि गावातली रूडीमा, दोघी म्हाताऱ्या बांधावर शेंगा तोडत बसल्या होत्या. रूडीमाचंही सगळं त्याच टेंपोत गेलेलं, पण तिनं हौसेनं दिलेलं.

"वेजी, डेऱ्याच्या तोंडावर ते लाकूड बसायचं बग, मधी भोक असलेलं. रवी हलू नये म्हणून. त्येला काय म्हणायचो आपण?"

वेजीमानं तोंड उघडलं. शब्द आलाच नाही. जन्मभर रोज पहाटे हातात घेतलेली वस्तू! तिनं शेंगा खाली टाकल्या, डोळे मिटले, डेरा आठवला, दोरी आठवली, लोण्याचा वास आठवला. नाव नाही.

"जाऊ दे की," रूडीमा म्हणाली.

"कसं जाऊ दे? वस्तू इकली ती इकली. आता माझ्या तोंडातलंबी काढून नेलं रांडेच्यानं!" वेजीमानं रूडीमाचा हात धरला. "रूडी, ह्याची लाज मी गावात टांगंन. बगच तू."

माघात हेतलचं लग्न ठरलं. जामनगरचं तालेवार घर, व्याही ट्रॅक्टरच्या धंद्यातले. मेरामणनं राजकोटहून गाणारी पार्टी आणली, माणसाएवढे स्पीकर लावले. मांडवात पंक्त बसली, लापशी वाढली, तरी नवऱ्या मुलाची आजी ताटाला हात लावीना.

"व्याही, तुमच्यात फटाणं गाणारी कुणी उरली न्हाई व्हय?" ती काठी आपटून म्हणाली. "वऱ्हाडाला गाण्यातनं चार शिव्या बसल्याबिगर अहिरांच्या घरी जेवण उतरतं का? ते भोंगं बंद करा आधी!"

वऱ्हाड हसलं. मेरामणचा चेहरा पडला. पार्टीच्या पोरीला सिनेमातली गाणी येत होती, फटाणं येत नव्हतं. तो धावत वेजीमाकडं आला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं हात जोडले.

"भाभी, पंचक्रोशीत तुमच्यासारखं कुणी गात न्हवतं. घराची लाज राखा."

"गाईन. पण मागनं कुणी रागवायचं न्हाई."

"फटाण्याचा राग कोण धरतंय? जो धरंल त्यो अहीरच न्हवं!"

"समद्यांनी ऐकलं ना?" वेजीमानं पंक्तीला विचारलं. मग पदर खोचला, रूडीमाला शेजारी ओढलं आणि सुरुवात केली. आधी नवऱ्या मुलाच्या नाकाला धरलं, मग व्याह्याच्या पोटाला. वऱ्हाड खूश झालं, आजीनं लापशीचा पहिला घास घेतला. तेवढ्यात वेजीमानं मान वळवली आणि सूर थेट मेरामणकडं गेला.

"व्याही आले दारी गं, बसायला काय देऊ?
पटारा होता बापाचा, दियरानं विकला गं!
पाहुण्यांना ताक गं, कशात मी घुसळू?
डेरा होता दाराशी, दियरानं विकला गं!
भाभी गेली डोळ्याला, दियर गेला तागडीला,
जातं विकलं, घागर विकली, भिंत तेवढी उरली गं!"

रूडीमानं ओळ उचलली. मग मांडवातल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी उचलली, कारण टेंपो सगळ्यांच्याच दारी येऊन गेला होता. मेरामण हातात तुपाचं भांडं घेऊन उभा. वाढताही येईना, ठेवताही येईना. वेजीमा उठून पंक्तीच्या मधे आली.

"जपा गं विहिणी, म्हातारीला आपल्या जपा,
मेरामणच्या दारी गं एकली नका ठेवू,
सकाळी उठून बघाल तर टेंपोत बसली गं!"

हसून हसून वऱ्हाडाच्या घशात घास अडकले. आजीनं काठी छातीशी धरली आणि ओरडली, "मेरामणभाई, मी अजून चालती हाय हां! मला नका इकू!"

रागवायची सोय मेरामणनं आपल्याच तोंडानं घालवली होती. तो हसला, पण कान लाल झालेले सगळ्यांनी बघितले.

लग्न झालं, हेतल सासरी गेली. गाणं मात्र गावात राहिलं. मेरामण रस्त्यानं निघाला की बाया मोठ्यानं म्हणायच्या, "अगं, तांब्या आत घे, आले बग!" डेअरीवर त्याचं नाव मेरामण पटारा पडलं. ज्या पोरांनी पटारा कधी बघितला नव्हता, तीही तोच शब्द ओरडत सायकली पळवू लागली. त्याच लग्नसराईत शेजारच्या गावात तो पंक्तीला बसला, तर तिथल्या बायांनी त्याच्याकडं बघतच सूर धरला. तो अर्धं ताट टाकून उठला.

होळीच्या सुमारास एक टेंपो घरापुढं थांबला. मेरामणनं गडी लावून एक पटारा उतरवला आणि वेजीमाच्या खोलीत नेऊन ठेवला.

"भाभी, लई फिरलो. तुमचा कुटल्या तरी हॉटेलात शोभेला गेला, पत्ता लागंना. पण ह्यो अगदी तसाच हाय. आता गाणं मागं घ्या. तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई."

वेजीमानं झाकण उचललं. आत कुण्या परक्या बाईच्या घरचा वास होता. तळाला लहान पोराच्या अंगड्याचं एक बटण पडलेलं. तिनं ते उचललं, तळहातावर धरून मेरामणला दाखवलं.

"ही कोण रं?"

"कोण म्हंजे?"

"जिचं घर फोडून ह्यो आणलास, ती. तिचं नाव काय?"

वेजीमानं बटण परत जागच्या जागी ठेवलं आणि झाकण लावलं.

"भाभी, मी तुमच्या हातावर वाढलोय. माफ करा."

"म्हणूनच करत न्हाई. परक्यानं नेलं असतं तर कवाच इसरले असते."

"पण गाण्याचं काय?"

"त्ये काय माझ्या पदराला बांधलंय व्हय? जामनगरला गेलं, अमरेलीला गेलं. जा, तूच हुडकून आण. टेंपो हायच तुझ्याकडं."

मेरामण खालमानेनं बाहेर पडला. रस्त्यावर सायकलीवरची पोरं ओरडली तसं वेजीमानं खिडकी आणखी उघडली, आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली.