दुसरी फेरी

आजकाल आमच्या आदिलाबादेत मुलगी घरी बसवून दाखवत नाहीत. फॉरेस्टवाल्यांच्या पार्कात नेतात. मोठी माणसं गेटजवळच्या बाकांवर बसतात आणि मुलगा-मुलगी सागाच्या झाडांतून दोन किलोमीटरची फेरी मारतात. मोकळेपणानं बोला म्हणे! पायवाटेला दोन्हीकडून जाळी आणि समोरून येणारा प्रत्येक जण बाबांच्या ओळखीचा. मोकळेपणा कसला डोंबलाचा!

मला लग्नच नको होतं. जंगल खात्यात बीट ऑफिसर म्हणून माझी निवड झाली होती, पुढच्या महिन्यात ट्रेनिंग होतं. आणि मुलाच्या आईनं, पद्मिनीबाईंनी, आधीच सांगून टाकलं होतं, "आमाले जंगलात फिरनारी सून नाही पाहिजे."

अर्ध्या वाटेत मुलगा, भार्गव, थांबला. "राग नका मानू जान्हवी, पन माहं ऑफिसातल्या एकीसंग ठरलं हाये. आईले सांगाची हिंमत नाही होऊन राह्यली."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच टाळी वाजवली. मग माझंही सांगितलं. आता नकार कोणी द्यायचा? मी दिला तर बाबांची मान खाली जाणार. "मीच देतो," तो म्हणाला, "पन कारन काय सांगू?" कारण सापडेना आणि गेट आलं. बाकांवरून सगळे माना उंचावून पाहत होते. "आनखी एक फेरी मारू," भार्गव पुटपुटला. आम्ही तसेच पुढे गेलो.

दुसऱ्या फेरीत सगळं ठरलं. स्वभाव जुळत नाही, एवढंच तो म्हणणार होता. किती दिवसांनी मी मनापासून हसले.

परतलो तर पेढ्यांचा डबा उघडलेला, बाबांचे डोळे भरलेले. पद्मिनीबाईंनी भार्गवच्या तोंडात पेढा कोंबला. "एक फेरी म्हंजे पाहनं, दुसरी म्हंजे पसंती. आमच्या शेजारच्या मानिकरावच्या पोरीचं, रुपाचंबी असंच जमलं!"

ही रीत मला कोणी सांगितलीच नव्हती. मी भार्गवकडे पाहिलं. बोल ना रे! तो खाली बघून पेढा चघळत राहिला.

शेवटी मीच म्हणाले, "बाबा, मले हे लग्न नाही करायचं."

पद्मिनीबाईंनी माझ्या गालाला हात लावला. "दोन फेऱ्या हसत मारल्या, अन् आता पाहा कशी लाजून राह्यली!"

बाबा हसले. सगळेच हसले. भार्गवही हसला.