कापडाचं दुसरं टोक

"तुम्ही फक्त तिच्या शेजारी उभं राहायचं," पाळक म्हणाला. "बोलायचंही काही नाही."

"मग खांब उभा करा," थोरली म्हणाली आणि इस्त्री फिरवत राहिली.

चर्चमागच्या धुण्याच्या खोलीत तिच्यापुढे प्रभुभोजनाच्या मेजाचं पांढरं कापड पसरलेलं. पाळक नवा होता, मवाळ. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव कापूस ठेवलं होतं.

धाकटी बहीण परत आली होती. ऑर्गन वाजवणाऱ्या, बायकापोरं असलेल्या माणसाबरोबर ती पळाली, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली. मंडळीनं धाकटीला भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनापासून दूर केलं. आता तिला मेजाशी परत यायचं, तर इथल्या रिवाजाप्रमाणे घरचं कोणीतरी तिच्या शेजारी उभं राहायला हवं. घरचं म्हणजे थोरलीच उरली होती.

"आईचं सगळं मी काढलं. ही तिकडे सूर लावत होती."

"तिला पश्चात्ताप झालाय."

"होणारच. त्यानं टाकल्यावर."

*प्रश्न : पाप म्हणजे काय?*

*उत्तर : पवित्र देवापुढे आपल्याला लागलेला डाग.*

रविवारच्या वर्गात थोरली हे पोरांकडून घोकून घेते. पोरं बाहीला नाक पुसत घोकतात. उदाहरण शोधायला तिला लांब जावं लागत नाही.

कापसानं मात्र त्या रविवारी उपदेशात वेगळंच काढलं. पाप म्हणजे डाग नव्हे, पाठ फिरवणं. आणि देव उंबऱ्यावर वाट बघत बसत नाही. पाठ फिरवलेल्यामागे तो अनवाणी निघतो.

यानं जन्मात रुमाल तरी धुतलाय का, थोरलीला वाटलं. आणि देव म्हणे अनवाणी! तिचा देव बुटाला पॉलिश केल्याशिवाय बाहेर पडत नसे.

मग धाकटी पुढे येऊन उभी राहिली. झग्याची शिवण उसवलेली.

"हिच्या घरचं कोणी आहे?" पाळकानं विचारलं.

धाकटीनं वळून पाहिलं नाही. पहिल्या बाकावरून थोरली उठली. सगळ्या बाकांवरच्या माना वळल्या. ती बाजूच्या दारानं बाहेर गेली.

व्हरांड्यात तिला पाळकाचा आवाज ऐकू आला. "आहे. मी हिचा भाऊ."

भाऊ म्हणे. काल हिचं नाव मला विचारत होता.

*प्रश्न : पापाची क्षमा कोणाला मिळते?*

*उत्तर : मागेल त्याला.*

हे उत्तर ती वर्गात घाईनं उरकते.

कापड परत आलं ते द्राक्षारस सांडून. धाकटीच्याच हातून असणार. थोरलीनं डागाखाली बादली ठेवली आणि उकळतं पाणी उंचावरून ओतलं. डाग बघता बघता गेला. तिला बरं वाटलं नाही.

दुपारी कापड वाळलं. ते लांब होतं. घडीला दोन माणसं लागत. लहानपणी दोघी दोन टोकं धरायच्या. आई "या" म्हणाली की चालत एकमेकींकडे यायच्या, हाताला हात लागायचा. पुढे थोरली एक टोक खुंटीला अडकवू लागली.

"ताई, टोक धरू?" दारात धाकटी.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"पुन्हा धू."

धाकटीनं नळाखाली हात धुतले. आई तपासायची तसे दोन्ही बाजूंनी दाखवले. करंगळी आईसारखीच वाकडी.

थोरली त्या करंगळीकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

"खुंटी आहे मला," ती म्हणाली.

"बरं." धाकटीनं ओले हात झग्याला पुसले आणि ती गेली. ताठ चालत गेली, हेही थोरलीला आवडलं नाही.

*प्रश्न : देव कसा आहे?*

थोरलीनं टोक खुंटीला अडकवलं, दुसरं हातात घेतलं आणि चालू लागली. खुंटीशी पोचली. कापड काढून घेतलं.

मागे नळ ठिबकत होता. धाकटीला तो नीट बंद करता येत नसे, पहिल्यापासून. थोरली घडी छातीशी धरून उभी राहिली. बंद करायला ती वळली नाही.