काकांच्या गालावरचा वारा

काकांच्या उजव्या गालाची शीर बिघडली होती. गार वारा नुसता शिवला, तरी विजेचा झटका बसावा तसे ते कळवळायचे. आणि थोरल्या लेकाने हौसेने घेतलेली गाडी सुरू केली रे केली, की तिचा एसी पहिली फुंकर नेमकी त्याच गालावर घालायचा.

"आई, एसी ऑटोमॅटिक आहे तिचा. हवा कुठे सोडायची, तिचं तीच ठरवते."

"ठरवणारी ती कोण? माझी सासू?" काकू कडाडल्या.

थोरल्याने गाडीतल्या टचस्क्रीनच्या पडद्यावर बोटं फिरवून वारा पायांकडे वळवला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर आत जरा ऊब वाढली, तशी गाडीने आपल्या मनाने वाऱ्याची दिशा बदलणारी आतली झडप फिरवली आणि झोत गालावर आला. काका किंचाळले. त्या दिवसापासून त्यांनी गाडीत बसायचं नावच टाकलं. दोन वेळा उपचार चुकला. गाल सुजला, घास गिळवेना. थोरला म्हणे, "सेटिंग बघतो."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या भंगारवाल्याकडे गेल्या. त्याच गाडीच्या साध्या मॉडेलची, हाताने फिरवायच्या तीन नॉबची पट्टी आणि केबली घेऊन आल्या, आणि सगळं गॅरेजातल्या मिस्त्रीपुढे आदळलं.

"बसव हे."

"काकू, लोक साध्याचं ऑटोमॅटिक करून घेतात हो. तुम्ही उलट्याच!"

"लोकांचे गाल ठणकत नाहीत. हात चालव, तोंड नको."

थोरला कामावर असताना मिस्त्रीने घरून गाडी आणून डॅशबोर्ड उघडला. हवेचा आतला डबा साध्या आणि ऑटोमॅटिक, दोन्ही गाड्यांना एकच. झडप फिरवणारी छोटी विजेची मोटर काढून त्याने तिथे केबल अडकवली. "न्या आता."

काकू गाडीत काकांच्या जागेवर बसल्या. नॉब पायांच्या चित्रावर नेला. गार झोत थेट थोबाडावर!

"मुडद्या, उलटी लावलीस केबल! इथे ते बसले असते तर?"

मिस्त्रीने केबल काढून दुसऱ्या भोकात घातली. काकूंनी गाडी सात वेळा बंद-चालू करायला लावली. सातही वेळा गाल हवेच्या जाळीला टेकवून बसल्या. वारा पायांवरच राहिला.

घरी थोरला दारातच भडकला. "एवढ्या महागाच्या गाडीची माती केलीस! मला विचारायचंस तरी!"

"महिनाभर विचारत होते. तू पडदा चोळत बसलास आणि तिकडे तुझा बाप उपाशी झोपत होता. लाज नाही वाटली?"

थोरला चालकाच्या जागेवर जाऊन बसला. तेवढ्यात काका बाहेर आले. दार उघडं ठेवून, एक पाय रस्त्यावरच ठेवून पुढच्या सीटवर टेकले.

"आता कोण ठरवतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही. फिरवा."

काकांनी नॉब पायांच्या चित्रावर फिरवला. थोरल्याने गाडी सुरू केली. काका डोळे मिटून थांबले. वारा पायांवरच राहिला. मग रस्त्यावरचा पाय आत घेतला.

"बघतोस काय माझ्याकडे?" मागच्या सीटवरून काकू लेकावर खेकसल्या. "चालव!"